मारुतीपुढचे कोरीव दगड नेमके कशाचे? जीर्णोद्धार सुरू व्हायच्या आत कळायला पाहिजे

सीनाकाठ

नमस्कार सगळ्यांना. गाव दक्षिण सोलापूर तालुक्यातलं, सीनेच्या काठाला, चारशे-साडेचारशे उंबरा असंल. गावाचं नाव टाकत नाही कारण ह्याच विषयावरनं गावात सध्या जरा तापलंय आणि मला कुणाची बदनामी करायची नाही, सगळी आपलीच माणसं आहेत.

तर विषय असा की वेशीजवळच्या मारुतीच्या देवळाचा जीर्णोद्धार ठरलाय. देऊळ जुनं, काळ्या दगडाचं, आत शिरताना मान वाकवावी लागते, पावसाळ्यात गाभाऱ्यात गळतं हे पण खरं. वर्गणी जमली, कमिटी झाली, पाडून स्लॅब टाकायचा, फरशी बसवायची, वर शिखर करायचं. त्याला माझा विरोध नाही, मी पण वर्गणी दिलीय. पण परवा ठेकेदार मोजमाप घ्यायला आला तेव्हा देवळापुढं जे कोरीव दगड उभे-आडवे पडलेत त्याकडं बघून म्हणला, हे सगळं पायात भरून टाकू, भरावाचा खर्च वाचंल. आणि कुणीच काही बोललं नाही. त्या दगडांवर बसून आम्ही लहानपणी एसटीची वाट बघितलीय, त्यामुळं मला ते फार लागलं.

एकूण अकरा दगड आहेत, मी मोजले. बहुतेकांवर ऑइलपेंट नाहीतर शेंदूर थापलेला आहे. त्यातला सगळ्यात मोठा माझ्या छातीएवढा, त्याच्यावर एकावर एक तीन खण पाडलेत. खालच्या खणात एक माणूस ढाल-तलवार घेऊन उभा आणि समोर दोघं, मधल्या खणात त्याच माणसाला दोन्हीकडनं दोन बायका हाताला धरून नेतात असं दिसतं, वरच्या खणात पिंड आहे आणि तिच्यापुढं कुणीतरी बसलंय. अगदी टोकाला चंद्र आणि सूर्य. दुसऱ्या एका दगडावर नुसता एक हात कोरलाय, कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला. आणि एक लांबट फरशीसारखा दगड आहे जो गटारावर आडवा टाकलाय, त्याच्यावरनं लोक ये-जा करतात, त्याच्यावर बारीक बारीक ओळी आहेत, अक्षरंच असावीत पण घासून गेलीत.

अजून एक गोष्ट सांगतो, तिचा संबंध असंल नसंल माहीत नाही. आमच्याकडं कारहुणवीला, म्हणजे बैलांच्या सणाला, बैल वेशीत आणतात तेव्हा गावातलं एकच ठराविक घर त्या मोठ्या दगडाला नैवेद्य ठेवतं आणि आपली बैलजोडी त्याच्याभोवती फिरवून मगच पुढं काढतं. का म्हणून विचारलं तर तेवढंच सांगतात, आमच्यात पूर्वीपासनं आहे. माझे आजोबा म्हणायचे हे दगड पांडवांनी एका रात्रीत उभे केले.

काम सुरू व्हायला पंधरा दिवस आहेत. हे काय आहे, किती जुनं आहे, आणि कमिटीपुढं मी नेमकं काय बोलू, एवढं सांगा.


माळावरचा मास्तर

अहो वीरगळ आहे तो! पायात अजिबात जाऊ देऊ नका. कन्नडमध्ये वीरगल्लु म्हणतात, कल्लु म्हणजे दगड, त्याचंच आपल्याकडं गळ झालं. लढाईत मेलेल्या माणसाच्या नावानं उभा केलेला दगड. मी अक्कलकोटकडं जिल्हा परिषद शाळेवर आहे, आमच्या इथं असाच एक दगड धुणं आपटायला वापरत होते, चेहरा पार गुळगुळीत झाला त्याचा. फोटो टाका आधी. जाणकार आहेत इथं, सांगतील सविस्तर.


ठसेवाला

दादा, तुमचं वर्णन इतकं नीट आहे की फोटो नसताना पण बऱ्याच गोष्टी सांगता येतात. मी काही प्रोफेसर नाही, पंधरा-सोळा वर्षं सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरून अशा दगडांचे फोटो आणि मापं घेतो एवढंच.

वीरगळ खालनं वर वाचायचा असतो. खाली लढाई, मग मेलेल्या वीराला अप्सरा स्वर्गात घेऊन जातात, मग वर तो कैलासात जाऊन पिंडीची पूजा करतोय, आणि टोकाला चंद्र-सूर्य म्हणजे चंद्र-सूर्य आहेत तोवर याची कीर्ती राहील. तुम्ही ज्या दोन बायका म्हणता त्या अप्सरा. हाताचा जो दगड आहे तो सतीशिळा, बांगड्या भरलेला हात म्हणजे सौभाग्य कायम आहे असं दाखवलेलं. बऱ्याच गावांत वीरगळ आणि सतीशिळा जवळजवळच सापडतात.

आता माझा एक प्रश्न आहे आणि तो महत्त्वाचा आहे. तुम्ही तीन खण सांगितलेत, पण अशा दगडाला बरेचदा अगदी तळाला अजून एक खण असतो, त्यात वीर आडवा पडलेला दाखवतात. तुमच्याकडं दगडाच्या बुडाला माती चढलीय का किंवा पेव्हर ब्लॉक बसवलेत का? असं असंल तर दगड हलवू नका, उपटू तर मुळीच नका, फक्त पुढच्या बाजूची वीतभर माती हातानं बाजूला करून बघा. आणि तिथं गुरं दिसतात का ते सांगा. हे विचारण्याचं कारण तुमची ती कारहुणवीची गोष्ट. पूर्वी एका गावाची गुरं दुसरे हाकलून न्यायचे, त्यांच्या मागं जाऊन लढताना जे मेले त्यांच्या वीरगळावर खाली गाई कोरतात.

गटारावरचा दगड तर आजच्या आज उचलून घ्या, म्हणजे चार माणसं लावून, पहार न वापरता. लांबट फरशी, वर बारीक ओळी, हा शिलालेख असायची शक्यता फार आहे. त्याच्या वरच्या टोकाला चंद्र-सूर्य, पिंड, वासराला पाजणारी गाय, तलवार असं काही आहे का बघा. असलं तर ते दानाचं लिखाण आहे, म्हणजे देवाला कुणी जमीन दिली, तेल दिलं, त्याची नोंद. एखाद्या दगडावर गाढव आणि बाई कोरलेली दिसली तर ती गधेगळ. जो हे दान मोडील त्याला दिलेली ती शिवी आहे, कोरायला लाजले नाहीत ते लोक, कारण जमीन लाटणारे तेव्हा पण होते. लेखाच्या शेवटी संस्कृतात पण शाप घालायचे, दुसऱ्यानं दिलेली जमीन जो हिरावून घेईल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होऊन राहील असा.

भाषेचं म्हणाल तर अक्षरं मराठी नसली तर दचकू नका. सोलापूरवर कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य होतं, हे कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, मग कलचुरी आले ज्यांची मूळची राजधानी मंगळवेढ्याला होती, मग देवगिरीचे यादव. त्यामुळं आपल्या भागातले शिलालेख बरेचसे हळेकन्नडमध्ये, म्हणजे जुन्या कन्नडमध्ये आहेत. चालुक्यांचा लेख असला तर सुरुवात बरेचदा ठरलेली असते, स्वस्ति समस्तभुवनाश्रय श्रीपृथ्वीवल्लभ महाराजाधिराज. पहिलं अक्षर स्व सारखं दिसलं तरी बरंच काम होईल.

आणि तुम्ही ज्या तालुक्यात राहता ना, त्याच तालुक्यात हत्तरसंग कुडल आहे, भीमा आणि सीनेच्या संगमावर. तिथल्या संगमेश्वर मंदिरात तुळईवर शके ९४० चा मराठी लेख आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे १०१८. अलिबागजवळच्या अक्षीचा लेख शके ९३४ म्हणजे १०१२ चा धरतात, तो पण गधेगळीवरचा, आणि मराठीच्या सगळ्यात जुन्या तारखेच्या लेखांमध्ये ह्या दोघांचं नाव येतं. कुडलच्या लेखाच्या शेवटी आहे 'वाछि तो विजेया', म्हणजे जो हे वाचील तो विजयी होईल. हा लेख सोलापूरच्या आनंद कुंभार सरांनी उजेडात आणला, त्यांनी आयुष्यभर जिल्ह्यातली गावं पालथी घातली आणि दगड वाचले. त्याच कुडलला हरिहरेश्वराचं देऊळ मातीखाली गाडलं गेलं होतं, ते नव्वदच्या दशकात मोकळं केलं तेव्हा आतनं ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग निघालं. कित्येक वर्षं लोक त्याच्यावरनं चालत होते. तुमचा गटारावरचा दगड वाचून मला तेच आठवलं.

फोटो कसा काढायचा ते सांगतो, हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा. दुपारी बारा वाजता काढलेल्या फोटोत काहीही दिसत नाही. सकाळी ऊन आडवं असताना किंवा अंधार पडल्यावर बॅटरी दगडाला जवळजवळ चिकटवून एका बाजूनं आडवा उजेड टाकायचा, मग घासलेली अक्षरं पण सावलीनं उठतात. आधी साध्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं धुवायचं. खडू, पीठ, रांगोळी भरायची नाही, ॲसिड लावायचं नाही, तारेचा ब्रश तर नकोच. ऑइलपेंट आत्ता काढायच्या भानगडीत पडू नका. आणि कुणी सँडब्लास्टिंग सुचवलं तर हात जोडून नाही म्हणा, रंगाबरोबर कोरीवकामाचा वरचा थर पण निघून जातो, मी नाक-डोळे गेलेल्या मूर्ती बघितल्यात.


भोगावतीकाका

मी आता चौसष्ट वर्षांचा आहे, बार्शी भागातला, नोकरीनिमित्त पुण्यात राहिलो. हे वाचून लिहिल्याशिवाय राहवेना.

आमच्या गावाला गढी होती. पांढऱ्या मातीचा उंच ढिगारा, चारी बाजूंनी खाली घडीव दगड. बाहत्तरच्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो, आई-वडील दोघं खडी फोडायला जायचे, मिलोच्या लाल भाकरी आणि दुपारी सुकडी, हे ज्यांनी खाल्लं त्यांनाच कळंल. त्या वर्षी माणसं जगवायची होती, दगड कोण सांभाळतंय. गढीचे घडीव दगड पण फुटले त्यात आणि रस्त्यात गेले. त्याच्या आधीपासनं माळवदावर टाकायला गढीची पांढरी माती सगळे न्यायचेच, पाणी झिरपू देत नाही म्हणून, दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाला बैलगाड्या लागायच्या. त्या मातीतनं खापरं निघायची, काळी-तांबडी, पातळ, काही चकचकीत. एकदा मला मातीचा एक छोटा बैल सापडला होता, मान तुटलेला. मी तो खेळून खेळून हरवला. आज पन्नास वर्षांनी पण तो बैल मला हातात असल्यासारखा आठवतो, अंगठ्याएवढा होता आणि पाठीवर वशिंड होतं.

आज तिथं पाण्याची टाकी आहे. गढीचा एक पण फोटो कुणाकडं नाही. मी गावात विचारून बघितलं, ज्यांचे लग्नाचे अल्बम आहेत त्यांना पण विचारलं की मागं कुठं गढी आलीय का. नाही.

बार्शी लाइट रेल्वेचं पण तेच केलं आम्ही. १८९७ ला सुरू झालेली अडीच फुटी रुळाची गाडी, पुढं एका अंगाला पंढरपूर-मिरज आणि दुसऱ्या अंगाला लातूरपर्यंत गेली, आषाढीला तिच्या टपावर माणसं बसायची. रूळ रुंद झाले ते चांगलंच झालं, पण बारकी बारकी स्टेशनं ओस पडली, दारं-खिडक्या गेल्या, पाट्या गेल्या. आपल्या डोळ्यादेखत गेलं आणि आपण बघत बसलो.

म्हणून सीनाकाठ, बाळा, तू आधी एक काम कर. गावात ऐंशीच्या पुढं जितकी माणसं आहेत त्यांच्याजवळ जाऊन बस. मोबाइल चालू ठेव आणि बोलू दे. दगड कुठं पळत नाही, ती माणसं एका थंडीत जातात.


कमिटीवाला

मी दुसऱ्या तालुक्यातला, पण आमच्या गावच्या देवस्थान कमिटीत आठ वर्षं काम केलंय म्हणून दुसरी बाजू सांगतो. इथं सगळे दगडांबद्दल बोलायलेत, पण गाभाऱ्यात पाणी गळतंय, म्हाताऱ्या बायका पाय घसरून पडतात, हरिनाम सप्ताहाला माणसं उन्हात बसतात, हे पण बघायला पाहिजे. गावानं पोटाला चिमटा काढून वर्गणी दिलेली असते. त्यांना तुम्ही जाऊन हे पुरातत्त्व आहे, हात लावू नका म्हणलात तर ते तुमचं ऐकणार नाहीत आणि एका अर्थानं बरोबर आहे त्यांचं.

आम्ही काय केलं ते सांगतो. आमच्या भैरोबाच्या देवळाला पण पाडायचंच ठरलं होतं. मग एका जुन्या गवंड्यानं सांगितलं की दगडाला काही झालेलं नाही, वरचा चुन्याचा कोबा मेलाय म्हणून गळतंय. मध्ये कुणीतरी वर सिमेंट ओतलं होतं, त्याला भेगा पडल्या, पाणी आत गेलं आणि बाहेर यायला वाटच राहिली नाही, त्यानं जास्तच झिरपायला लागलं. आम्ही ते सिमेंट काढलं, चुना, विटांची सुरखी, गूळ आणि बेलफळाचं पाणी घालून पंधरा दिवस भिजवलं आणि नवीन कोबा केला. सात पावसाळे झाले, थेंब नाही. गाभारा आहे तसा ठेवला आणि पुढं मोकळ्या जागेत लोखंडी खांबांवर पत्र्याचा मोठा सभामंडप उभा केला, जुन्या भिंतीला चिकटवला नाही, दोन हात अंतर ठेवलं. लोक खूश, देव पण त्याच्या जागेवर.

कमिटीत पुरातत्त्व वगैरे शब्द पहिल्यांदा काढू नका. त्या नैवेद्य ठेवणाऱ्या घरातल्या माणसाला बरोबर न्या. त्याचा देव पायात चाललाय हे त्यालाच बोलू द्या. आणि खर्चाचा हिशोब कागदावर न्या, कोबा करायला पाडून बांधण्यापेक्षा कितीतरी कमी लागतात.


मोडीवाली ताई

दगडांचं सगळ्यांनी सांगितलं, मी कागदांचं सांगते, कारण गाव म्हणजे नुसतं देऊळ नाही.

तुमच्या गावात कुलकर्ण्यांचं किंवा पाटलांचं जुनं घर असेल तर तिथं माळ्यावर रुमालात बांधलेली दप्तरं असतात. कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्यानं गेलं, पाटील वतन १९६२ च्या, त्यानंतर त्या कागदांचा कुणाला उपयोग राहिला नाही, आणि मोडी वाचता येणारी पिढी पण संपली. बरेच जण बंबात घालतात हो. मी एका घरातनं असे रुमाल आणले होते, वाळवीनं निम्मे खाल्लेले, पण राहिलेल्यात गावच्या बलुत्याचा हिशोब होता, सुताराला किती, चांभाराला किती, मारुतीच्या गुरवाला तेलाला किती. तुमच्या देवळाची दिवाबत्ती कुणाच्या जमिनीवर चालायची ते अशाच कागदात सापडेल.

शाळेचं जनरल रजिस्टर बघा, लोकल बोर्डाच्या काळापासनंचं असेल तर गावातली घराणी, धंदे, कोण कुठनं आलं सगळं कळतं. तहसीलला कोतवाल बुकं असतात, जन्म-मृत्यूच्या नोंदी, त्यात साथीच्या वर्षांत एका पानावर किती मृत्यू आहेत ते बघून अंगावर काटा येतो. मध्यंतरी कुणबी नोंदी शोधताना ही मोडी कागदपत्रं बाहेर निघाली, स्कॅन पण झाली, तेव्हा आता मिळणं पूर्वीपेक्षा सोपं आहे. १८८४ चं सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटियर आहे, त्यात मोठ्या गावांची माहिती, बाजार, दुष्काळ, तळी सगळं आहे, १८७६-७७ च्या दुष्काळाचं पण.

आणि हेळवी येतात का तुमच्याकडं? नंदीवर बसून, घराण्याची वंशावळ वाचून दाखवणारे. आमच्याकडं अजून येतात, सुगी झाल्यावर. ते ज्या घराला नैवेद्याचा मान आहे त्या घरी आले तर त्यांच्या वहीत काय लिहिलंय ते ऐकून घ्या आणि रेकॉर्ड करा, त्यांना विचारून, आणि त्यांची बिदागी नीट द्या.


सीनाकाठ

सगळ्यांचे आभार मानायला शब्द नाहीत. नऊ दिवसांनी लिहितोय, बरंच झालंय, काही चांगलं, एक वाईट.

आधी दगडाचं. ठसेवाला दादा, तुम्ही म्हणला तसंच निघालं. बुडाला पेव्हर ब्लॉक होते, दोन वर्षांपूर्वी बसवलेले. सरपंचांना विचारून पुढचे चार ब्लॉक काढले आणि मी आणि माझा पुतण्या हातानं माती काढत बसलो. वीतभर गेलो तर आधी एक शिंग लागलं बोटाला. मग दुसरं. पाच गाई आहेत, एका ओळीत, पाचवी मान वळवून मागं बघतेय, आणि त्यांच्या खाली एक माणूस आडवा पडलाय, हातात अजून तलवार आहे. ह्या खणाला रंग कधी लागलाच नव्हता, मातीत असल्यामुळं गाईंच्या गळ्यातल्या घंटा पण दिसतात. मी बराच वेळ तिथंच बसून राहिलो. रोज जायचो यायचो त्याच्यावरनं.

मग भोगावतीकाका, तुमचं ऐकून त्या नैवेद्याच्या घरी गेलो. त्यांच्या आजी नव्वदीच्या पुढच्या आहेत, घरात कन्नडच बोलतात, ऐकायला कमी येतं. मोबाइलवर पाच गाईंचा फोटो मोठा करून त्यांच्या डोळ्यांपुढं धरला. त्यांनी फोटोवर बोट फिरवलं आणि म्हणल्या, "दनद हिंद होदांव बरलिल्ल." म्हणजे गुरांमागं गेला तो आला नाही. कोण गेला म्हणून विचारलं, तर त्यांच्या सासूनं त्यांना नव्या नवरी असताना दगडापुढं उभं करून एवढंच वाक्य सांगितलं होतं, कोण ते सासूला पण माहीत नव्हतं. त्यांच्या नातवानं हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, तो माझ्या शेजारीच बसला होता, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

कमिटीत तोच बोलला. मी फक्त कोब्याचा हिशोब नेला होता. कमिटीवाले दादा, तुमचा सल्ला फार कामाला आला. दोन तास वादावादी झाली पण शेवटी गाभारा ठेवायचा, वर चुन्याचा कोबा करायचा आणि पुढं मंडप, असं ठरलं. शिखर पुढच्या वर्षी बघू म्हणलेत.

वाईट हे की हे ठरायच्या आदल्या दिवशी जागा साफ करायला जेसीबी आला होता, मी सोलापूरला होतो, आणि सतीशिळेला त्याचा दात लागला. मनगटाजवळ फुटली. दोन तुकडे झालेत, बांगड्यांचा भाग वेगळा झाला. एक दिवस आधी मीटिंग झाली असती तर ती वाचली असती, हे मनातनं जात नाही.

गटारावरचा दगड सहा जणांनी उचलून देवळाच्या भिंतीला टेकवून ठेवलाय. खालच्या बाजूला, म्हणजे जी बाजू गटाराकडं होती, तिकडं अक्षरं जास्त चांगली राहिलीत! वर चंद्र-सूर्य, मध्ये पिंड, एका बाजूला गाय-वासरू, दुसरीकडं तलवार. रात्री बॅटरी आडवी धरून फोटो काढले. शेजारच्या गावच्या कन्नड शाळेचे गुरुजी आले होते, त्यांनी बोट ठेवून पहिला शब्द वाचला, स्वस्ति. पुढचं त्यांना पण लागेना. एकोणीस ओळी आहेत. फोटो टाकलेत बघा.

आता दोन प्रश्न. फुटलेली शिळा चिकटवायची का, आणि मोठा वीरगळ मंडपाच्या खांबाच्या आड येतोय म्हणून कमिटी तो पिंपळाच्या पाराजवळ हलवू म्हणते, ते चालंल का?


ठसेवाला

दादा, फोटो बघून हात थरथरला माझा. पहिली ओळ स्वस्ति समस्तभुवनाश्रय श्रीपृथ्वी इथपर्यंत मला स्पष्ट दिसते, म्हणजे चालुक्यांचा लेख असायची शक्यता आहे, पण कलचुरी आणि यादव पण अशीच सुरुवात करायचे, तेव्हा राजाचं नाव लागल्याशिवाय नक्की म्हणता येणार नाही. वर्ष खाली असणार, बाराव्या-तेराव्या ओळीच्या आसपास, तिथं अजून एक फोटो घ्या, उजेड डावीकडनं टाकून. मी वाचायचा प्रयत्न करीन पण खरं वाचन हळेकन्नडच्या अभ्यासकानंच करायला पाहिजे. सोलापूर विद्यापीठात पुरातत्त्वाचा विभाग आहे, तिथं फोटो घेऊन जा, आणि राज्य पुरातत्त्व खात्याच्या पुण्याच्या ऑफिसला ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर पत्र द्या, सोबत फोटो आणि दगडाची मापं. ते कागदाचा ठसा घेतात, ओला कागद दगडावर थोपटून वर शाई देतात, त्यात डोळ्याला न दिसणारं पण उठतं. भारतीय पुरातत्त्व खात्याची शिलालेखांची शाखा म्हैसूरला आहे, तिथं पण ह्या भागातले लेख वाचतात.

त्या आजींचं वाक्य लिहून ठेवा, तारीख घालून, कन्नडमध्ये जसंच्या तसं. दगडातला माणूस त्यांच्याच घरातला होता हे सिद्ध करता येणार नाही, तसा दावा कुठं छापू नका. पण सासूनं सुनेला दगडापुढं उभं करून सांगितलेलं वाक्य आणि मातीखालच्या पाच गाई जुळल्या, ही नोंद स्वतःच मोठी आहे.

सतीशिळा चिकटवू नका. सिमेंट नको, बाजारातला कुठला गम पण नको. दोन्ही तुकडे आणि खाली पडलेला चुरा सुद्धा गोळा करून एका लाकडी खोक्यात भुसा घालून एकत्र ठेवा, खोक्यावर नंबर टाका. खात्याची माणसं नीट जोडतात.

वीरगळ शक्यतो हलवू नका, मंडपाचा खांब दोन हात सरकवा, ते जास्त सोपं आहे. कमिटीला सांगा की बैल दगडाभोवती फिरवायला वाट लागते, ती जागा मंडपात गेली तर कारहुणवीला बैल आत आणायचे का? हे त्यांना पटेल. आणि अगदीच हलवायची वेळ आली तर आधी तोंड कुठल्या दिशेला आहे, देवळापासनं किती फूट, किती इंच जमिनीत आहे, सगळं मोजून पंचायतीच्या रजिस्टरला लिहा आणि नव्या जागी तसंच उभं करा.


सीनाकाठ

खांब सरकवायचं मान्य झालं! बैलांच्या वाटेचं म्हणल्यावर पाच मिनिटांत. नैवेद्याच्या घरचा नातू स्वतः दोरी धरून उभा राहिला आणि बैलजोडी फिरायला किती जागा लागते ते आखून दिलं, साडेसात फूट.

राहिलेल्या दहा दगडांना नंबर टाकलेत, नुसत्या चिठ्ठ्या दोऱ्यानं बांधून, रंगानं नाही. सतीशिळेचं खोकं शाळेच्या कपाटात आहे. पत्र सोमवारी घेऊन जातोय. तेराव्या ओळीचा फोटो आज रात्री काढतो, लाइट गेली तर बरंच होईल, अंधार चांगला मिळंल.